जुनी ऑटोमॅटिक गाडी झटके देते? गिअरबॉक्स खोलण्याआधी हे तपासा

दहा-बारा वर्षं जुन्या आणि लाख-सव्वा लाख किलोमीटर चाललेल्या ऑटोमॅटिक गाड्या आता सेकंड हँड बाजारात सहज मिळतात. २००८ ते २०१३ मधली पाच गिअरची होंडा सिटी, कोरोला अल्टिस, चार गिअरची ह्युंदाई आय१० अशा गाड्यांची किंमत आवाक्यात असते आणि शहरात डाव्या पायाला आराम मिळतो. मग एखाद्या सकाळी लिव्हर 'डी'वर आणला तरी गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही. किंवा दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना दणका बसतो. गॅरेजमध्ये नेली की बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येतं: "गिअरबॉक्स गेलाय, खोलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मालक गाडी मिळेल त्या भावात काढून टाकतो.

अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ गिअरबॉक्सच्या आतल्या चाकांत नसतं. ते तेलात, एखाद्या सेन्सरमध्ये, सैल कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या सॉकेटमध्ये) किंवा चक्क इंजिनात असतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेलाच्या दाबावर चालतो आणि एका कॉम्प्युटरच्या हुकमावर गिअर बदलतो. म्हणून आधी तेल पाहावं, मग कॉम्प्युटर काय म्हणतो ते पाहावं आणि पाना सगळ्यात शेवटी हातात घ्यावा. हा क्रम उलटला की पैसे जातात आणि दुखणं बरेचदा तसंच राहतं.

## आधी गिअरबॉक्सची जात ओळखा

भारतात 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टरवाला. यात चार, पाच, सहा असे ठरावीक गिअर असतात, पण इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये नेहमीची क्लच प्लेट नसते. हा लेख मुख्यतः याच प्रकाराबद्दल आहे, कारण जुन्या गाड्यांत तोच जास्त सापडतो.

दुसरा सीव्हीटी. यात गिअरच नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यामधला पोलादी पट्टा असतो. पुल्यांची रुंदी कमी-जास्त होते आणि गाडी सलग वेग पकडते. २००८ च्या आधीची होंडा सिटी झेडएक्स सीव्हीटी याच जातीची. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, त्याऐवजी 'स्टार्ट क्लच' होता. गाडी जागेवरून उचलताना थरथरते ही तिची ठरलेली तक्रार. योग्य तेल घालून स्टार्ट क्लचचं कॅलिब्रेशन केलं तर ती पुष्कळदा जाते.

तिसरा एएमटी. भारतात तो २०१४ साली मारुती सेलेरिओतून आला. हा खरं तर मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आपल्याऐवजी एक हायड्रॉलिक यंत्रणा असते. त्यात क्लच प्लेट झिजते, त्या यंत्रणेचं तेल कमी होतं, आणि क्लच बदलल्यावर स्कॅनरवरून (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या तपासणी यंत्रावरून) नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते. ती दिली नाही तर नवी प्लेट टाकूनही गाडी झटके मारत राहते.

चौथा दोन क्लचचा. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत त्याला डीएसजी म्हणतात. त्याचं निदान त्याच कंपनीच्या स्कॅनरशिवाय करू नये.

आपल्या गाडीत काय आहे हे मालकाच्या पुस्तिकेत पाहा. गॅरेजवाला या चारपैकी कोणता प्रकार आहे हे न विचारताच निदान सांगू लागला, तर तिथून गाडी परत आणलेली बरी.

## आत नेमकं काय चालतं

टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात, दोघांना जोडणारा दांडा नसतानाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच होतं, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असतं. एक पंखा इंजिन फिरवतं, दुसरा गिअरबॉक्सला फिरवतो. म्हणूनच सिग्नलला ब्रेक दाबून 'डी'मध्ये उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही. हमरस्त्यावर एका वेगाच्या पुढे कन्व्हर्टरच्या आतला 'लॉक-अप क्लच' दोन्ही बाजू घट्ट जोडतो, म्हणजे ही घसरण थांबते आणि पेट्रोल वाचतं.

पुढे गिअरचे दात बहुतेक वेळा कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. कोणता गिअर लागणार हे आतल्या छोट्या क्लचांवर ठरतं. प्रत्येक क्लच म्हणजे पातळ चकत्यांची चळत. तिच्यावर तेलाचा दाब आला की चकत्या एकमेकींना पकडतात, दाब गेला की सोडतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणं म्हणजे एक चळत सोडणं आणि नेमक्या त्याच क्षणी दुसरी पकडणं. सोडणं लवकर झालं तर इंजिनची रेस उगाच वर उडते. पकडणं लवकर किंवा फार जोरात झालं तर दणका बसतो.

हा दाब तयार करणारा पंप इंजिनबरोबर फिरतो. दाब कुठे पाठवायचा हे 'व्हॉल्व्ह बॉडी' ठरवते. नाल्यांचं जाळं कोरलेला हा ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो आणि त्याच्यावर विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह, म्हणजे सोलेनॉइड, बसवलेले असतात. सोलेनॉइडना हुकूम देतो तो गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. तो हुकूम कशावरून देतो? पाय किती दाबलाय, इंजिन किती फिरतंय, गिअरबॉक्समध्ये येणारा आणि तिथून बाहेर पडणारा दांडा किती फिरतोय, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि तेल किती गरम आहे, यावरून. यातली एक माहिती चुकली तरी धडधाकट गिअरबॉक्स बिघडल्यासारखा वागतो.

## लक्षण मोघम सांगू नका

"गाडी झटके देते" एवढ्यावर कुणालाच नीट निदान करता येणार नाही. गॅरेजमध्ये जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा: इंजिन थंड असताना होतं की गरम झाल्यावर, कोणत्या गिअरमधून कोणत्यात जाताना, पाय हलका असताना की जोरात दाबल्यावर, आणि फक्त पुढे जाताना की रिव्हर्सलाही.

या चार उत्तरांवरून शोध खूप आखडता येतो. सगळ्याच गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्येही रेस वाढते पण गाडी पळत नाही, म्हणजे सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टीत दोष आहे: तेल कमी, फिल्टर तुंबलेला, पंप कमजोर किंवा दाब ठरवणारा सोलेनॉइड अडकलेला. एकाच बदलाच्या वेळी, समजा फक्त दोनाचे तीन होताना, रेस उडत असेल तर त्या गिअरची चळत किंवा तिचा सोलेनॉइड.

लिव्हर न्यूट्रलवरून 'डी'वर आणल्यापासून हलका धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोबाइलवर मोजा. गाडी सपाट जागी उभी हवी, ब्रेक दाबलेला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन गरम आणि एसी बंद. धडधाकट गिअरबॉक्सला 'डी'साठी साधारण १.२ सेकंदांच्या आत आणि रिव्हर्ससाठी १.५ सेकंदांच्या आत गिअर लागायला हवा. तीन वेळा मोजून सरासरी काढा आणि दोन मोजण्यांमध्ये मिनिटभर थांबा. फक्त सकाळच्या पहिल्या वेळी उशीर लागतो आणि नंतर ठीक, असं असेल तर रात्रीतून कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरतंय किंवा रबरी सील कडक झालेत. दिवसभर उशीर असेल तर आधी तेलाची पातळी पाहा.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहते, उठायला जड, पण चालते, हे वेगळं लक्षण. कॉम्प्युटरला धोका वाटला की तो सोलेनॉइडची वीज तोडतो आणि बहुतेक वेळा दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवतो, म्हणजे तुम्ही निदान घरी किंवा गॅरेजपर्यंत पोचता. गाडी बंद करून परत चालू केल्यावर थोडा वेळ नीट चालली, तर ही खूण नक्की लिहून ठेवा. अशा वेळी दोष विजेच्या बाजूला असण्याची शक्यता वाढते.

आणि लिव्हर 'पी'मधून हलतच नाही ही तक्रार तर गिअरबॉक्सची क्वचितच असते. मागे कुणाला तरी उभं करून ब्रेक दाबा. ब्रेकचे दिवे लागत नसतील तर पेडलवरचं स्विच किंवा फ्यूज गेला आहे. ब्रेक दाबल्याची खबर मिळाल्याशिवाय लिव्हर सुटत नाही. तोवर लिव्हरशेजारच्या छोट्या झाकणाखालचं बटण किंवा खाच दाबून तो सोडवता येतो.

## तेल: पातळी, रंग, वास, आणि प्लगवरचं लोहचुंबक

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, कारण तपासणी जवळपास फुकट आहे आणि उत्तर मिळण्याची शक्यता सर्वाधिक.

पातळी पाहायची रीत गाडीगणिक बदलते आणि इथेच गॅरेजवाले चुकतात. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या होंडात इंजिन पूर्ण गरम करून, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद करायचं आणि साठ ते नव्वद सेकंदांच्या आत गेज, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पाहायचं. गेज असलेल्या इतर बऱ्याच गाड्यांत याच्या उलट: इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून एकेकदा फिरवून 'पी'वर आणायचा आणि मग पाहायचं. एका रीतीने मोजायची गाडी दुसऱ्या रीतीने मोजली तर पातळी चुकीची दिसते आणि नको तेवढं तेल ओतलं जातं. जास्त तेलही वाईटच. फिरत्या भागांनी ते घुसळून त्यात फेस होतो, फेसाला दाब धरत नाही, आणि लक्षणं कमी तेलासारखीच दिसतात.

काही गाड्यांत गेजच नसतं. टोयोटाच्या अनेक सीलबंद गिअरबॉक्समध्ये खाली पातळीचा प्लग असतो. तेलाचं तापमान ठरावीक मर्यादेत, बहुधा ४० ते ४५ अंश सेल्सिअस असताना, इंजिन चालू ठेवून तो उघडायचा. तेलाची बारीक धार येऊन ती थेंब-थेंब झाली की पातळी बरोबर. तापमान स्कॅनरवर पाहावं लागतं. अंदाजाने हे काम होत नाही.

गेज पांढऱ्या कागदावर टेका. नवं तेल बहुतेक वेळा लालसर आणि पारदर्शक असतं (सीव्हीटीचं हिरवट किंवा पिवळसरही असू शकतं). तपकिरी म्हणजे जुनं झालंय, एवढंच. काळं आणि जळका वास येणारं म्हणजे चकत्या घसरून भाजल्या आहेत. फिकट गुलाबी, दुधाळ तेल दिसलं तर गाडी तिथेच थांबवा. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या आतून जाते. ती आतून फुटली की कूलंट तेलात मिसळतं आणि चकत्यांवरच्या घर्षणाच्या थराचा गोंद सुटू लागतो. अशा वेळी नुसतं तेल बदलून भागत नाही. रेडिएटर बदलायचा, गिअरबॉक्स वारंवार धुवायचा, आणि तरीही वाचेलच याची हमी नाही.

तेल खाली सोडल्यावर ड्रेन प्लगवरचं, म्हणजे तेल सोडायच्या खालच्या बुचावरचं, लोहचुंबक आवर्जून पाहा. बोटाला मऊ लागणारी करडी पेस्ट लाख किलोमीटरला स्वाभाविक आहे. टोचणारे धातूचे कण, पितळी चमक किंवा काळ्या पापुद्र्यांचा थर दिसला तर आत खरोखर झीज आहे. प्लग पुसून टाकण्याआधी त्याचा फोटो काढायला सांगा.

तेल बदलताना दोन-तीन गोष्टी पाळा. गेज नसलेल्या गाडीत खालचा प्लग उघडण्याआधी वरचा, तेल भरायचा प्लग सुटतो का ते बघा. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. सोडलेलं तेल मापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढंच भरा, मग पातळी तपासा. होंडाच्या ड्रेन प्लगला चौकोनी खाच असते, तिच्यात ३/८ इंची रॅचेटचं टोक थेट बसतं. इंजिनचा ड्रेन प्लग वेगळा. घाईत इंजिन ऑइलऐवजी गिअरबॉक्सचं तेल सोडून इंजिनात दुप्पट ऑइल ओतण्याची चूक नवख्या हातांकडून होते, म्हणून काम समोर उभं राहून करून घ्या.

एका वेळी सगळं तेल निघत नाही, कारण बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. लहान गाडीत साधारण अडीच ते चार लिटर निघतं. समजा दर वेळी ४० टक्के बदललं गेलं, तर तीन वेळा केल्यावर जुनं तेल सुमारे २२ टक्के उरतं. दोन बदलांमध्ये दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवा.

तेल कोणतं? पुस्तिकेत नाव लिहिलंय तेच. होंडाच्या जुन्या झेड१ ची जागा डीडब्ल्यू-१ ने घेतली. ह्युंदाईच्या चार गिअरच्या गाड्यांना एसपी-३ लागतं आणि सहा गिअरच्यांना एसपी-४. टोयोटाचं डब्ल्यूएस आणि टी-४ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. "सगळ्याला चालतं" असं सांगून सुटं लाल तेल कॅनमधून ओतणाऱ्याला हात लावू देऊ नका. क्लच कसा पकडेल हे तेलातल्या रसायनांवर ठरतं. तिथे दोनशे रुपये वाचवून नेमका हाच झटका विकत घेतला जातो.

## गिअरबॉक्सबाहेरची कारणं

आपल्याकडे एक वाईट सवय आहे: गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट गरम होईपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. तो नसला की इंजिन उशिरा गरम होतं आणि मोकळ्या रस्त्यावर पुन्हा गार पडतं. कूलंट पुरेसं गरम झाल्याशिवाय अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर वरचा गिअर आणि लॉक-अप लावतच नाही. मग मालक म्हणतो, "गाडी चौथा गिअर टाकत नाही." स्कॅनरवर कूलंटचं तापमान पाहा. ते ८५ ते ९५ अंशांच्या आसपास टिकायला हवं. हायवेला साठ-पासष्टवर उतरत असेल तर आधी थर्मोस्टॅट बसवा.

'डी'मधून रिव्हर्सला टाकताना धप्प आवाज येतो? बॉनेट उघडून एकाला बाजूला उभं करा, समोर नाही. ब्रेक घट्ट दाबून लिव्हर 'डी'-'आर' करा. इंजिन इंच-दोन इंच उचलून आपटत असेल तर इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरी आधारावर ते बसवलेलं असतं ते, फाटलंय. लाख किलोमीटरनंतर हे फार वेळा सापडतं.

चाळीस ते ऐंशीच्या वेगात, पाय हलका असताना, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येते, ती लॉक-अप क्लचची असू शकते आणि इंजिनच्या मिसफायरचीही (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याचीही). ओळखायची सोपी युक्ती आहे. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, वेग कायम ठेवून ब्रेक पेडलला अगदी हलका स्पर्श करा, दिवा लागेल इतकाच. ब्रेकची खबर मिळताच लॉक-अप सुटतो. थरथर लगेच थांबली तर दोष लॉक-अपचा, आणि तो ताज्या योग्य तेलाने पुष्कळदा कमी होतो. थांबली नाही आणि चढावर जोर लावल्यावर वाढते, तर इंजिनचे स्पार्क प्लग आणि त्यांच्या कॉइल तपासा.

बॅटरीकडे कुणी पाहत नाही. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. गिअरबॉक्सच्या अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर सोलेनॉइडला पुरेशी वीज पोचत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर गिअरबॉक्सवरच्या कपलरमध्ये हिरवट गंज हमखास सापडतो. कपलर सोडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकवा, परत बसवा.

लिव्हर कुठे आहे हे कॉम्प्युटरला सांगणारं स्विचही झिजतं. त्याच्या खुणा: डॅशबोर्डवर चुकीचं अक्षर दिसणं, 'पी'मध्ये स्टार्टर न फिरणं पण 'एन'मध्ये फिरणं, रिव्हर्सचा दिवा मधूनच न लागणं.

## स्कॅनर लावला, कोड आला, पुढे काय?

स्कॅनरवर पी०७०० हा बिघाडाचा कोड आला म्हणून "गिअरबॉक्स खराब" असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. त्याचा अर्थ एवढाच: गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे एक तक्रार नोंदलेली आहे, ती तिथे जाऊन वाचा. ऑनलाइन मिळणारा ईएलएम ३२७ नावाचा स्वस्त छोटा स्कॅनर बऱ्याच गाड्यांत फक्त इंजिनचा कॉम्प्युटर वाचतो. गिअरबॉक्ससाठी चांगला मल्टिब्रँड स्कॅनर किंवा कंपनीचा स्कॅनर लागतो.

पी०७१५ म्हणजे आत येणाऱ्या दांड्याच्या वेगाचा सेन्सर, पी०७२० म्हणजे बाहेर पडणाऱ्या दांड्याचा. पी०७५० पासूनचा गट गिअर बदलणाऱ्या सोलेनॉइडचा. पी०७४० आणि पी०७४१ लॉक-अपचे. पी०७३१ ते पी०७३५ जास्त गंभीर. पहिल्या ते पाचव्यापैकी ज्या गिअरचा कोड असेल, त्यात आत येणारा आणि बाहेर पडणारा वेग यांचं गणित जुळत नाही, म्हणजे घसरण होतेय किंवा एखादा सेन्सर खोटं बोलतोय. म्हणून याच्यासोबत सेन्सरचा कोडही असेल तर आधी सेन्सरचा प्रश्न सोडवा.

कोड लगेच पुसू देऊ नका. प्रत्येक कोडसोबत त्या क्षणाची स्थिती साठवलेली असते: वेग, रेस, तापमान. तिचा फोटो घ्या, मगच पुसा, गाडी पळवा आणि तोच कोड परत येतो का ते पाहा. चालत्या गाडीत तेलाचं तापमानही बघा. ८० ते १०० अंश ठीक, १२० च्या वर वारंवार जात असेल तर तेल थंड करणारा कूलर तुंबलेला असू शकतो.

सोलेनॉइडची तपासणी बाहेरूनही होते. मल्टिमीटरने त्याचा रोध मोजून कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडायचा. आकडा जुळला तर वीज ठीक आहे एवढंच कळतं. कचऱ्याने आतली पिन अडकली असेल तर ती मीटरला दिसत नाही.

## खोलायची वेळ कधी येते

तेल बरोबर आहे, बाहेरची कारणं संपली, सेन्सर नीट आहेत, तरी गाडी घसरतेय. आता दाब मोजायचं मीटर लावून तेलाचा दाब मोजून घ्या. गिअरबॉक्सवर त्यासाठी छोटे प्लग दिलेले असतात. सगळीकडे दाब कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा दाबाचा सोलेनॉइड. दाब पुरेसा आहे आणि तरीही घसरण आहे, म्हणजे चकत्या संपल्या. एकाच गिअरच्या वाटेवर दाब पडत असेल तर त्या चळतीचं सील किंवा व्हॉल्व्ह बॉडी. अनेक गाड्यांत व्हॉल्व्ह बॉडी गिअरबॉक्स न उतरवताही काढता येते, हे लक्षात ठेवून विचारा.

ब्रेक दाबून फुल रेस द्यायची 'स्टॉल टेस्ट' काही जण सुचवतात. ती पाच सेकंदांपेक्षा जास्त करायची नसते, जुन्या गिअरबॉक्सवर ती फार मोठा ताण टाकते आणि ब्रेक सुटला तर अपघात होतो. घरी करू नका.

गिअरबॉक्स उतरवलाच तर फक्त जळालेली चळत बदलून परत बांधू देऊ नका. सगळी सील, फिल्टर, कूलरची सफाई आणि टॉर्क कन्व्हर्टर हे एकाच वेळी व्हायला हवं. जुन्या चकत्यांची भुकटी कूलरमध्ये आणि कन्व्हर्टरमध्ये राहिली, तर ती नव्या व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन बसते. भंगार बाजारातला पूर्ण गिअरबॉक्स घ्यायचा असेल तर त्याच्यावरचा मॉडेलचा कोड क्रमांक आपल्या गिअरबॉक्सशी जुळवा, आणि आधी त्याच्या ड्रेन प्लगचं लोहचुंबक पाहा.

## "नवं तेल घातलं की जुना गिअरबॉक्स बसतो" हे खरं का?

ही भीती सगळीकडे ऐकू येते आणि तिच्यामागे निरीक्षण आहे. पण लोक तेल बदलतात कधी? गाडी घसरायला लागल्यावर. तेव्हा चकत्या आधीच संपत आलेल्या असतात. गाडी महिन्याभरात थांबते आणि दोष तेलावर येतो. दुसरं कारण खरं आहे: मशिन लावून दाबाने सगळं धुऊन काढलं तर वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक नाल्यांत अडकू शकतो. म्हणून जुन्या गाडीत साधं सोडणं-भरणंच करा, टप्प्याटप्प्याने. चकत्या जळाल्या असतील तर तेल त्यांना वाचवणार नाही, हे आधीच समजून घ्या.

"कंपनी म्हणते तेल आयुष्यभराचं आहे" हा दुसरा आक्षेप. बीएमडब्ल्यूसारख्या अनेक गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. मुंबईची रहदारी, पुण्याचे सिग्नल, खंडाळ्याचा चढ आणि एप्रिलचं ऊन सोसणाऱ्या गाडीला मी ४०,००० ते ५०,००० किलोमीटरच सांगेन.

बाटलीतल्या 'गिअरबॉक्स ट्रीटमेंट'ने सील थोडी फुगतात, गळती काही दिवस थांबते. घसरण थांबत नाही. विकायला काढलेल्या गाडीत ती घातलेली असू शकते, म्हणून घेताना सावध राहा.

## गाडी घेताना आणि बंद पडल्यावर

सेकंड हँड गाडी पाहायला जाताना इंजिन थंड ठेवायला सांगा. बॉनेटला हात लावून खात्री करा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी सकाळचा उशीर लपवते. मग अर्धा तास चालवा, गरम झाल्यावरही तेच पाहा. हलक्या पायाने सगळे गिअर वर जाऊ द्या, एकदा पेडल पूर्ण दाबून गिअर खाली येतो का बघा, आणि शेवटी एखाद्या चढावर रिव्हर्स घ्या.

पुरात बुडालेली ऑटोमॅटिक गाडी वरून कितीही चकाचक केलेली असली तरी घेऊ नका. गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर करायला एक छोटी नळी असते. गरम गिअरबॉक्स अचानक पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी ओढलं जातं. आपली गाडी बुडाली असेल तर इंजिन चालू न करता आधी इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींचं तेल तपासून घ्या.

आणि रस्त्यात बंद पडली तर दोर बांधून ओढू नका. इंजिन बंद असलं की पंप बंद, पंप बंद असला की आतल्या फिरत्या भागांना तेल मिळत नाही, आणि काही किलोमीटरमध्ये धडधाकट गिअरबॉक्सही जळतो. सपाट पाठीचा टो ट्रक बोलवा. तो मिळत नसेल, तर पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची पुढची दोन्ही चाकं उचलून, हँडब्रेक सोडून न्यायला सांगा. धक्का मारून चालू करण्याचाही प्रयत्न करू नका. टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी तशी चालू होत नाही.